झुलीखालचा खांदा

घाटाचा चढ जिथून सुरू होतो, तिथे आंबेतळ नावाचं एक गाव होतं. गावात गाडीवानांची वस्ती मोठी. खालून मीठ आणि नारळ वर जायचे, वरून धान्य आणि गूळ खाली यायचा, आणि हे सगळं जायचं-यायचं ते बैलांच्या खांद्यावर. त्याच वस्तीत रखमाजी नावाचा एक गाडीवान राहत होता.

रखमाजी मनाने फार चांगला. त्याने आयुष्यात कधी बैलावर चाबूक उगारला नव्हता. जिभेने नुसतं टकटक केलं की त्याची जोडी चालायला लागायची. उजवीकडे चांद्या, काळाभोर, कपाळावर पांढरा चांद. डावीकडे हरण्या, तांबूस आणि जरा लाडावलेला. ओढा लागला की रखमाजी आधी बैलांना पाणी पाजायचा आणि मग स्वतः ओंजळ भरायचा. हे सगळं अगदी खरं होतं. पण आपण किती चांगले आहोत हे रखमाजीलाही चांगलंच ठाऊक होतं. बैलांचा विषय निघाला की तो हळूच आपल्या जोडीकडे बघायचा आणि मग बोलायला सुरुवात करायचा.

एका उन्हाळ्यात घाटातल्या अवघड वळणावर परगावच्या एका गाडीवानाचा बैल पडला. गाडी मिठाच्या गोण्यांनी ठासून भरलेली होती. बैलाचा खांदा सोलून लाल झाला होता, आणि त्याच खांद्यावर जू ठेवलेलं होतं. गाडीवानाने शेपूट पिळली, काठी मारली, हाका मारल्या. बैल उठला नाही. रखमाजी मागून आपली गाडी घेऊन येत होता. तो उडी मारून धावला, त्याने जू काढलं, बैलाच्या तोंडावर पाणी मारलं. बैलाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान टाकली. मग तो परगावचा गाडीवान बैलाच्या गळ्यात पडून असा रडला की बघणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

रखमाजी तसाच घाटाखालच्या चौकीवर गेला. तिथे राजाचा हवालदार सुपारी कातरत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बैल कुणाचा?"

"त्या गाडीवानाचाच."

"आणि काठी?"

"तीबी त्याचीच."

"मग तुझी तक्रार काय?" हवालदार म्हणाला. "दुसऱ्याच्या जनावराला मारलं तर कायदा आहे. स्वतःच्या जनावराला मारलं तर नाही. उद्या कुणी स्वतःचं मडकं फोडलं तर त्यालाही धरून आणशील का?"

रखमाजी गाडीकडे परत फिरला. घरी येऊन तो जेवलाही नाही. त्याची बायको ठकूबाई जिभेने तिखट होती, पण नवरा ताटावरून उठला की तिचाही घास अडायचा.

"काय झालं ते तरी सांगा," ती म्हणाली.

"मडक्याला अन् बैलाला एकच कायदा हाय आपल्या राज्यात," रखमाजी म्हणाला. "हे बदलाया पायजे. खांद्याला जखम असंल त्या बैलावर कुणी जू ठेवायचं न्हाई. मालकानंबी न्हाई. असा कायदा राजाकडनं करून घेईन, तरच मी रखमाजी."

"एकटे जाऊन सांगाल तर राजा ऐकंल व्हय?"

"एकटा कशाला जातोय? अख्खं राज्य संगं घिऊन जाईन."

आणि त्याने एक युक्ती काढली. त्या मुलखात अंबाडीच्या दोराशिवाय गोठा नसतो. वेसण अंबाडीची, दावं अंबाडीचं, कासराही अंबाडीचाच. रखमाजीने ठरवलं, गावोगाव जायचं, लोकांना हा कायदा समजावून सांगायचा, आणि ज्याला तो पटेल त्याच्याकडून अंबाडीचा एक पेड मागून घ्यायचा. सगळे पेड एकात एक वळून एकच मोठा दोर करायचा आणि तो राजापुढे नेऊन ठेवायचा. लोकांचं म्हणणं कानाने ऐकायला राजाला वेळ नसेल, तर निदान डोळ्यांनी बघेल.

रखमाजीने मिठाचं भाडं घेणं थांबवलं आणि गाडी जुंपली. गावागावांत पारावर, विहिरीवर, बाजारात तो उभा राहायचा आणि घाटात पडलेल्या बैलाची गोष्ट सांगायचा. सांगण्यात त्याची हातोटी होती. ऐकणाऱ्या बाया पदराने डोळे पुसायच्या. लोक घरात जाऊन अंबाडीचा पेड घेऊन यायचे. न दिलेलं घर क्वचित एखादं.

गंमत एवढीच होती की प्रत्येकाला हा कायदा शेजाऱ्यासाठी हवा होता. शेतकरी म्हणायचे, "कर बाबा कायदा, हे गाडीवान लई मारत्यात." गाडीवान म्हणायचे, "आमी कुठं मारतो? व्यापारी वजन वाढवत्यात. त्यांच्यासाठी कर." व्यापारी गादीवरून खाली उतरून मोठ्या मनाने पेड द्यायचे आणि म्हणायचे, "खाणीवरचे लोक बघितलेस का? दगड वाहून जनावरं मारतात. त्यांच्यावर ठेव लक्ष." खाणीवरच्या लोकांनी शेतकऱ्यांकडे बोट दाखवलं. अशी सगळ्या राज्याला प्रदक्षिणा झाली. रखमाजीच्या हे ध्यानात आलं होतं, आणि तो मनातल्या मनात हसतही होता. आपणही त्याच प्रदक्षिणेत आहोत असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

वस्तीवर त्याच्या शेजारीच मल्हारी नावाचा गाडीवान होता. मल्हारीचा काठीचा हात सैल. त्याच्या बैलाच्या खांद्यावर जुना घाव पडलेला रखमाजीने स्वतः पाहिला होता. मल्हारीने हसत हसत पेड दिला आणि म्हणाला, "घे. तुज्या कायद्यानं कुणाचं भलं होत असंल तर माजा दोर कशाला मागं ठिवू?"

दोर वाढत गेला. आधी तो मनगटाएवढा होता, मग दंडाएवढा झाला. त्याची गुंडाळी रखमाजीने गाडीत पुढच्या अंगाला, आपल्या पाठीशी ठेवली. टेकून बसायला बरं पडायचं. पुढे पाऊस सुरू झाला, दोर भिजला आणि भिजून आणखी जड झाला. वाटा चिखलाने भरल्या. चांद्या आणि हरण्या गाडी ओढत राहिले. रखमाजी दोराला पाठ टेकून पुढच्या गावात काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करायचा, आणि त्याची नजर वाटेवर असायची.

श्रावण अर्धा उलटला तेव्हा तो राजाच्या दरबारात पोचला. दोर उचलून आत न्यायला शिपायांची रांग लागली. राजा तरुण होता आणि न्यायी होता. नवल वाटून तो सिंहासनावरून उतरला आणि दोरावरून हात फिरवून म्हणाला, "यातला एकेक पेड म्हणजे एकेक घर?"

"व्हय महाराज. आन् परत्येक घरानं राजीखुशीनं दिलाय."

राजाने थोडा विचार केला. मग तो रखमाजीकडे वळला. राजा म्हणाला, "एवढी घरं बैलांवर माया करतात, तर मग बैलांना छळतं कोण?"

दरबारात हशा पिकला. रखमाजीचे कान तापले.

राजा हसला नाही. तो म्हणाला, "मी तुझी थट्टा करत नाही. मी दर पोळ्याला बैलांची मिरवणूक बघतो. सगळे बैल रंगवलेले, शिंगांना बाशिंगं, पाठीवर झुली. एकाही बैलाच्या खांद्यावर मला कधी जखम दिसलेली नाही. मग कायदा करू तरी कशासाठी?"

"महाराज, झूल उचलून बघा," रखमाजी म्हणाला.

दरबारात चुळबुळ झाली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावरची झूल कुणी उचलत नाही. तो सणाचा मान.

"सणाच्या दिवशी घरोघरच्या बैलांची झडती घेणं मला शोभणार नाही," राजा म्हणाला. "पण एक झूल उचलेन. या पोळ्याला मी तुमच्या आंबेतळला येतो. तू बोट दाखवशील त्या बैलाची झूल उचलायची. खाली जखम निघाली, तर तू मागतोस तो कायदा त्याच जागी झाला, आणि त्या बैलाच्या मालकाला तो सगळ्यांच्या आधी लागू झाला. जखम नाही निघाली, तर हा दोर माझ्या हत्तींना बांधायला राहील आणि हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही. कबूल?"

"कबूल," रखमाजी म्हणाला. कुणाकडे बोट दाखवायचं हे त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं.

आंबेतळला ही बातमी त्याच्याआधी पोचली. राजा आपल्या गावात येणार म्हणून गावाला आनंद झाला. पंचांनी ठरवलं, यंदा मानाची जोडी रखमाजीची. मिरवणुकीत सगळ्यात पुढे चांद्या-हरण्या चालणार आणि वेशीवरचं तोरण तेच तोडणार. रखमाजीच्या घराण्याला हा मान आजवर कधी मिळाला नव्हता. त्याचा बाप बिचारा जन्मभर मिरवणुकीच्या शेपटीला चालला. रखमाजीला बापाची आठवण येऊन भरून आलं. ठकूबाईने नवी झूल शिवायला घेतली, आणि तिला आरशाची भिंगं लावली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्याने ओझं ओढलं, तो खांदा त्या दिवशी कोमट पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी लावून मळायचा, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. एरवी बैलाच्या तोंडाकडे बघणारी माणसं असतात, पायांकडे बघणारी असतात. खांद्याला हात लावायचा दिवस तो एवढाच.

रखमाजीने हरण्याचा खांदा मळला. हरण्याने लाडाने मान वाकडी केली. मग रखमाजी चांद्याकडे वळला, लोण्याची बोटं त्याच्या खांद्यावर ठेवली, आणि म्हणायला लागला, "आज आवतण घ्या..."

चांद्या थरकन मागे सरला.

"अरं, काय झालं?" म्हणून रखमाजीने पुन्हा हात पुढे केला. चांद्याने मान काढून घेतली. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं. ठकूबाईने दिवा जवळ आणला. खांदा सुजून वर आला होता. काळ्या केसांमध्ये कातडी सोलली होती आणि आत ओलं लाल दिसत होतं. काळ्या बैलाची जखम लांबून दिसत नाही, आणि रखमाजी तर सगळा पावसाळा त्याच्या मागे बसून होता.

ओझं गाडीच्या पुढच्या अंगाला आलं की त्याचा भार बैलाच्या खांद्यावर येतो, हे गाडीवानांच्या शेंबड्या पोरालाही कळतं. भिजलेला दोर पुढे होता, त्याला टेकलेला रखमाजी पुढे होता, आणि लाडावलेला हरण्या अंग चोरायचा, म्हणून जुवाचा जास्त भार चांद्याच्या ओल्या खांद्यावर होता. रखमाजी तिथेच शेणात बसला.

"ठके, मी ह्याला कधी मारलं न्हाई गं," तो म्हणाला.

"न्हाईच मारलं," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता. "पर गावोगाव फिरून लोकांना सांगत व्हता, तवा गाडी कोण वढत व्हतं?"

रखमाजी रडला. त्याला तो परगावचा गाडीवान आठवला. तो इतका का रडला होता ते रखमाजीला आता कळलं. दोघांनी मिळून जखम धुतली, हळद-लोणी भरलं. नंतर ठकूबाईने विचारलं, "उद्या कसं करायचं?"

"मल्हारीच्या बैलाकडं बोट दावायचं ठरलंय माजं. त्याच्याबी खांद्याला हायच की."

"हाय खरं."

"कायदा झाल्याशी मतलब. कुणाच्या बैलापायी झाला, ह्याच्याशी काय?"

ठकूबाईने हळदीची वाटी खाली ठेवली. "मग ह्याच्यावर झूल टाकू?" तिने विचारलं. रखमाजीने मान खाली घालून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आंबेतळच्या वेशीवर नुसती झुंबड उडाली. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. ढोल वाजत होते. बैलांची रांग लागली होती, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, आणि झुली तर एकीपेक्षा एक सरस. सगळ्यांच्या पुढे चांद्या आणि हरण्या. चांद्याच्या पाठीवर भिंगांची नवी झूल उन्हात चमकत होती आणि ती खांद्यावरून जरा पुढेच ओढून बसवली होती. राजा आला, त्याने हात जोडून बैलांना नमस्कार केला, आणि मग तो रखमाजीला म्हणाला, "बोल. कुठली झूल?"

ढोल थांबले. रखमाजीने रांगेत मल्हारीकडे बघितलं. मल्हारीजवळ उभी असलेली जोडी मल्हारीची नव्हतीच. शिंगांची ठेवण वेगळी होती. मल्हारीने आपले बैल रानात नेऊन बांधले होते आणि मेहुण्याची धट्टीकट्टी जोडी मागून आणली होती. तो रखमाजीकडे बघून मिशीत हसला. मग रखमाजीने एकेक बैल नजरेखालून घातला. कुणी काय केलंय, कुणाचे बैल कुठले, कुठल्या झुलीखाली काय आहे, काही कळायला मार्ग नव्हता. सगळ्या झुली सारख्याच सुंदर होत्या. खाली जखम आहे हे त्याला खात्रीने ठाऊक असलेली झूल त्या सगळ्या रांगेत एकच होती.

चुकीच्या बैलाकडे बोट गेलं तर कायदा गेला. कायमचा गेला. आणि बरोबर बैलाकडे बोट गेलं तर रखमाजी गेला. गावोगावच्या ज्या लोकांनी त्याच्या शब्दावर दोर दिला ते काय म्हणतील, हा मल्हारी काय म्हणेल, पंच काय म्हणतील. बापाला न मिळालेला मान वेशीच्या तोंडाशी येऊन परत जाईल.

"रखमाजी," राजा म्हणाला, "कुणाकडे बोट दाखवतोस?"

तेवढ्यात झुलीच्या काठावर एक माशी येऊन बसली. लोण्याचा डाग झुलीच्या कापडातून वर आला होता. चांद्याने खांद्याची कातडी थरथरवली. माशी उठली आणि पुन्हा तिथेच बसली. चांद्याने तोंड वळवून रखमाजीकडे बघितलं. तक्रार करायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

रखमाजीने पागोटं काढून काखेत धरलं. तो दोन पावलं मागे आला आणि आपल्याच हाताने त्याने चांद्याची झूल काढली.

आधी कुणाला काही कळेना. मग पुढच्या लोकांना खांदा दिसला आणि कुजबुज मागेमागे पसरत गेली. कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, "आरं, आमचा दोर परत दे!" पंचांतल्या एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. रखमाजी मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, धरणी फाटली तर बरं.

राजाने चांद्याचा खांदा जवळून बघितला. मग तो म्हणाला, "तू दुष्ट लोकांना आवरायला कायदा मागत होतास. तू तर दुष्ट दिसत नाहीस."

"न्हाई महाराज," रखमाजी म्हणाला. "मला वाटायचं, कायदा वंगाळ माणसासाठी असतो. माजं मन वंगाळ नव्हतं. माजं ध्यान नव्हतं. पर बैलाला त्यातलं काय कळतं? खांदा दोन्हीनं सारखाच सोलतो. तुमी दरबारात इचारलं व्हतं, एवढी माणसं माया करत्यात तर छळतं कोण. तवा मला उत्तर आलं न्हाई. आता देतो. माया करणारंच छळत्यात महाराज, ज्या दिशी त्यांची नजर दुसरीकडं असती त्या दिशी. त्या दिवसासाठी कायदा पायजे. माज्यावर पायजे."

आता कुणी हसलं नाही. ज्याने दोर परत मागितला होता तो मागच्या मागे गर्दीत मिसळला. आपापल्या बैलाच्या झुलीकडे बरेच जण चोरून बघत होते.

"कायदा झाला," राजा म्हणाला. "जखमी खांद्यावर जू ठेवायचं नाही. मालकानेही नाही. आता शिक्षा ठरवू. दंड किती घ्यावा?"

"महाराज, दंड घेऊ नका," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. ती ठकूबाई होती. डोक्यावरचा पदर सावरत ती पुढे आली. "दंड तुमच्या खजिन्यात जाईल. बैलाला त्यातलं काय घावणार? उलट तो दंड फेडाया हे त्याच बैलाला पुन्यांदा जुपतील. त्यापरीस गाडीचं चाक काढून चौकीत ठिवा. खांदा भरंल तवा चाक परत. चाक न्हाई तर गाडी न्हाई, आन् गाडी न्हाई तर जू कशाला ठिवतील?"

राजाला हे इतकं पटलं की तो मोठ्याने हसला. त्याच्या मागे उभे असलेले शहाणे प्रधान उगाच घसा साफ करायला लागले.

त्या पोळ्याला वेशीवरचं तोरण दुसऱ्याच जोडीने तोडलं. मिरवणूक पुढे गेली, ढोल पुन्हा वाजायला लागले, आणि सणाच्या नव्या कपड्यांतला रखमाजी आपल्या गाडीचं चाक भर रस्त्यातून घरंगळत घेऊन चौकीकडे निघाला. पोरं त्याच्यामागे धावत होती. हवालदाराने सुपारी बाजूला ठेवली आणि चाक भिंतीला टेकवून घेतलं. या वेळी त्याने मडक्याची गोष्ट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाकाशेजारी आणखी एक चाक टेकलेलं दिसलं. ते मल्हारीचं होतं. चौकीवरचा शिपाई सांगतो की मल्हारी ते आपण होऊन घेऊन आला. मल्हारी आजही म्हणतो की आपल्याला शिपायाने बोलावलं होतं.

त्या मोठ्या दोराचंही राजाने सोनं केलं. त्याचे तुकडे करून राज्यातल्या प्रत्येक चौकीत त्या त्या भागातल्या पेडांचा तुकडा आढ्याला टांगला. पुढे चाक जमा करायला आलेला कुणी ना कुणी चिडायचाच. "हा असला कायदा मागितला कुणी?" म्हणून तो तणतणायचा. मग शिपाई नुसतं आढ्याकडे बोट दाखवायचा. तिथे त्याच्याच गोठ्यातला पेड लोंबत असायचा.

चांद्याचा खांदा भरायला वेळ लागला. तोवर रखमाजीने लोकांच्या शेतात मजुरी केली, मिठाच्या गोण्या स्वतःच्या पाठीवर घेऊन थोडा थोडा घाटही चढला. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ठकूबाईने त्याचा खांदा गरम पाण्याने शेकला, तेव्हा तो "आई गं" म्हणून मागे सरला. मग दोघांनीही गोठ्यातल्या चांद्याकडे बघितलं.

पुढच्या वर्षी पुन्हा खांदमळणी आली. जिथे जखम होती तिथे चांद्याला आता पांढरे केस उगवले होते, कपाळावरच्या चांदासारखे. मधल्या वर्षात खांद्याला हात लावायला रखमाजी सणासाठी थांबला नव्हता. जू ठेवण्याआधी आणि काढल्यावर रोज त्याचा हात तिथे फिरायचा. त्या संध्याकाळी त्याने लोणी घेतलं, हळद घेतली, आणि पांढऱ्या केसांवर बोटं ठेवून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

चांद्या मागे सरला नाही. त्याने आपला सगळा भार रखमाजीच्या हातावर टाकला आणि डोळे मिटून घेतले.

तात्पर्य: मुक्या जिवांचं रक्षण माणसाच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही, कारण चांगल्या माणसाचंही ध्यान चुकतं. त्यांच्यासाठी कायदा हवा, आणि तो मागणाऱ्याने पहिली झूल आपल्याच बैलाची उचलावी.